चित्रातली धमनी आणि देहातली धमनी : प्रस्तावना

पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत जठराचा रक्तपुरवठा हा ठरलेला प्रश्न. विद्यार्थी घोकलेले उत्तर एका दमात म्हणून टाकतो. आखूड कडेला डावी आणि उजवी गॅस्ट्रिक, लांब कडेला डावी आणि उजवी गॅस्ट्रोएपिप्लोइक, वरच्या घुमटाला शॉर्ट गॅस्ट्रिक. परीक्षक मान डोलावतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. काही वर्षांनी तोच विद्यार्थी सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट होऊन एखाद्या रुग्णाच्या पोटात ह्याच धमन्या शोधू लागतो. तेव्हा त्याला कळते की आपण पाठ केले ते बहुसंख्य माणसांचे वर्णन होते, आणि समोरचा रुग्ण त्या बहुसंख्येत बसतो की नाही हे प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागते.

हे पुस्तक त्या यादीतल्या पहिल्या धमनीविषयी, म्हणजे डाव्या जठरधमनीविषयी आहे. एका धमनीवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. ही धमनी बारीक असली तरी तिच्या वाटेवर अन्ननलिका आहे, जठर आहे आणि कित्येकांच्या शरीरात यकृतसुद्धा आहे. अल्सरचा रक्तस्राव, जठराचा कॅन्सर, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया, यकृताचे प्रत्यारोपण अशा वेगवेगळ्या वाटांनी निघालेले डॉक्टर शेवटी तिच्यापाशी येऊन पोचतात. शिवाय माणसाच्या शरीराविषयीचे ज्ञान कसे साठत आणि दुरुस्त होत गेले, हे दाखवायला तिच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी तिचा भूगोल पाहू. श्वासपटल ओलांडून महाधमनी पोटात उतरते, तिथे पाठीच्या बाराव्या मणक्याच्या आसपास तिच्या पुढच्या अंगाला एक जाड, आखूड फाटा फुटतो. हा सीलियाक ट्रंक. त्याची लांबी साधारण एक ते अडीच सेंटिमीटर. तेवढ्यात त्याच्या तीन शाखा होतात. यकृताच्या दिशेने जाणारी कॉमन हेपॅटिक, प्लीहेकडे जाणारी स्प्लीनिक आणि तिघींत सर्वांत बारीक अशी डावी जठरधमनी. ही तिसरी शाखा आधी वर आणि डावीकडे चढते. अन्ननलिका जठराला मिळते त्या सांध्यापाशी ती पोचते, अन्ननलिकेच्या खालच्या भागाला फांद्या देते, मग वळण घेऊन जठराच्या आखूड कडेने खाली उतरते. वाटेत जठराच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना तिच्या फांद्या जातात. शेवटी खालून वर येणाऱ्या उजव्या जठरधमनीशी तिची गाठ पडते आणि आखूड कडेवर एक कमान पुरी होते.

लांब कडेवर अशीच दुसरी कमान आहे. तिचा उजवा निम्मा भाग ड्युओडेनमच्या मागून येणाऱ्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीकडून आणि डावा निम्मा स्प्लीनिककडून येतो. घुमटाला मुख्यतः स्प्लीनिकच्याच पाच-सात आखूड फांद्या रक्त पुरवतात. म्हणजे कोणतीही धमनी घ्या, तिचे मूळ फिरून सीलियाक ट्रंकच्या तीन शाखांपैकी एकीत सापडते. शेताला चारी बाजूंनी पाट असावेत आणि एका पाटाला बांध घातला तरी पाणी दुसरीकडून यावे, तशी ही व्यवस्था आहे. त्यामुळेच चार मोठ्या धमन्यांपैकी दोन-तीन बांधल्या तरी जठर बहुधा जिवंत राहते. पोटातल्या फार थोड्या अवयवांना ही मुभा आहे. गेल्या दीडशे वर्षांतली जठराची सारी शस्त्रक्रिया ह्या एका सवलतीवर उभी आहे.

जठराला इतके रक्त लागते कशाला, याचे उत्तर त्याच्या भिंतीत आहे. धमन्यांच्या फांद्या स्नायूंचा थर भेदून आतल्या अस्तराखाली शिरतात आणि तिथे दाट जाळे विणतात. त्या जाळ्यातून वर निघालेल्या केशवाहिन्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींच्या कडेने पृष्ठभागाकडे जातात. पेशी जठराच्या पोकळीत आम्ल सोडतात तेव्हा रक्ताच्या बाजूला बायकार्बोनेट सोडतात. केशवाहिन्या हा क्षार उचलून अगदी वरच्या पेशींपर्यंत नेतात आणि त्याच जोरावर जठर स्वतःच्या आम्लापासून बचावते. मोठा भाजल्याचा अपघात, डोक्याची गंभीर इजा किंवा तीव्र शॉक यांत हा प्रवाह आटतो आणि अस्तरावर व्रण पडू लागतात. अतिदक्षता विभागात रुग्णाला आम्ल कमी करणारी औषधे का देतात, याचे एक कारण इथे आहे.

आता इतिहास. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, कुजू देऊन, थर सुटे करत पाहण्याची पद्धत सांगितली आहे. त्याच स्थानात नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्यांचे वर्णन आहे. दहा वर जाणाऱ्या, दहा खाली, चार तिरप्या. त्यांतली कोणती धमनी आजच्या कोणत्या आर्टरीशी जुळते, अशी जुळवाजुळव करण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्ही तो टाळला आहे. ती वेगळ्या प्रश्नांना दिलेली वेगळी उत्तरे आहेत आणि त्यांचा मान त्यांच्या जागी आहे.

युरोपात १५४३ साली व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ निघाला आणि प्रत्यक्ष विच्छेदन करून पाहिलेले तेच खरे, हा दंडक रुजू लागला. पण धमनीतून रक्त नेमके कुठून कुठे जाते हे १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरण मांडल्यावरच कळले. मग १६६१ मध्ये मालपिगीने सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि धमनी व शीर यांना जोडणारा दुवा सापडला. यानंतरच्या शतकात रक्तवाहिन्यांत मेण किंवा रंग भरून त्या उठावदार करण्याची कला वाढली. गटिंगेनमध्ये सतरा वर्षे शिकवलेल्या आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस शरीरशास्त्रज्ञाने तिचा पुरेपूर उपयोग केला. सीलियाक ट्रंकच्या तीन शाखांचा तिपायीसारखा आकार त्याने १७५६ मध्ये वर्णिला. हालरची तिपायी हे नाव आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. हा झाला वर्णनकारांचा पहिला संप्रदाय. एक नमुना देह घ्यायचा, तो उत्तम रेखाटायचा आणि तो साऱ्या मानवजातीचा प्रतिनिधी मानायचा.

दुसरा संप्रदाय मोजणी करणाऱ्यांचा. व्हिएन्नाच्या योसेफ हिर्टलने रक्तवाहिन्यांत घट्ट होणारा पदार्थ भरून, भोवतीचे मांस रसायनाने विरघळवून, नुसत्या वाहिन्यांचे साचे बनवले. असे अनेक साचे शेजारी ठेवले की फरक लपत नाहीत. क्योटोच्या बुन्तारो आदाची यांनी १९२८ मध्ये जपानी देहांच्या धमन्यांवर भलामोठा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात २५२ देहांच्या आधारे सीलियाक ट्रंकच्या रचनांचे प्रकार पाडले होते. फिलाडेल्फियाच्या निकोलस मिशेल्स यांनी २०० देहांची अत्यंत बारकाईने विच्छेदने केली आणि १९५५ मध्ये पोटाच्या वरच्या भागाच्या रक्तपुरवठ्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. या सगळ्यांतून निघालेली गोष्ट साधी आहे. साधारण दहातल्या नऊ माणसांत हालरची तिपायी सापडते. उरलेल्यांत डावी जठरधमनी थेट महाधमनीतून निघते, किंवा तीनऐवजी दोनच शाखा एकत्र असतात, किंवा आणखी काही.

त्याहून महत्त्वाचा फरक पुढच्या टप्प्यावर आहे. निरनिराळ्या मोजण्यांनुसार साधारण १० ते २० टक्के माणसांत यकृताच्या डाव्या भागाला जाणारी धमनी डाव्या जठरधमनीतून फुटते. कधी ती नेहमीच्या धमनीच्या जोडीला असते, तर कधी नेहमीची नसतेच आणि सगळा भार हिच्यावर असतो. जोडीची धमनी बांधली तर चालते का, यावर पुढे वाद झाला. मिशेल्स यांचे म्हणणे असे की यकृताच्या ठरावीक भागाला रक्त देणारी कोणतीही धमनी फालतू नसते, म्हणून तिला जादा म्हणणेच चुकीचे. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की यकृताच्या आत पर्यायी वाटा उघडू शकतात आणि बऱ्याचदा नुकसान टळते. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. शहाणा सर्जन मात्र तो मिटायची वाट न पाहता धमनी ओळखतो आणि शक्य तर वाचवतो.

फरक असतात हे मोजणीने दाखवले. ते का असतात, हा प्रश्न तिसऱ्या, म्हणजे गर्भविज्ञानाच्या संप्रदायाने उचलला. व्हिएन्नाच्याच युलिउस टांडलरने १९०४ मध्ये मांडलेली उपपत्ती आजही शिकवली जाते. गर्भात महाधमनीच्या पुढच्या बाजूने चार मुळे फुटतात आणि एक उभी वाहिनी त्यांना आपसांत जोडते. पुढे मधली दोन मुळे नाहीशी होतात. पहिल्यापासून सीलियाक ट्रंक आणि चौथ्यापासून आतड्यांची सुपीरियर मेसेंटेरिक धमनी घडते. मधला जोड नेमका कुठे तुटतो आणि कोणते मूळ टिकते, यावर प्रौढ माणसाच्या धमन्यांची मांडणी ठरते. मग ज्याला आपण विकृती म्हणत होतो, ते एकाच प्रक्रियेचे वेगळे पण संभाव्य फळ ठरते. या पुस्तकात ‘विकृती’ हा शब्द आम्ही धमनीच्या वेगळ्या वाटेसाठी वापरलेला नाही, त्याचे कारण हेच.

चौथा संप्रदाय सर्जनांचा. व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ रोजी थिओडोर बिलरोथने जठराच्या खालच्या टोकाचा कॅन्सर कापून काढला आणि रुग्ण स्त्री त्या शस्त्रक्रियेतून बरी झाली. त्याआधी पॅरिसमध्ये पेआन आणि पोलंडच्या रिडिगिएर यांनी केलेल्या अशा शस्त्रक्रियांत रुग्ण दगावले होते. बिलरोथची रुग्णही कॅन्सर परतल्याने काही महिन्यांनी गेली, पण जठराचा तुकडा काढूनही उरलेले जठर जगते हे सिद्ध झाले. जठराच्या कॅन्सरचा भार मोठा असलेल्या जपानने पुढचे पाऊल टाकले. तिथल्या सर्जनांनी १९६२ पासून लिम्फ नोडना धमन्यांच्या क्रमाने आकडे दिले. डाव्या जठरधमनीच्या कडेचे नोड हे सातवे ठाणे. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत ही धमनी मुळाशी बांधतात, ती जठराचे रक्त तोडण्यासाठी जितकी, तितकीच तिच्याभोवतीचे नोड निघावेत म्हणून. यकृताची डावी धमनी तिच्यातूनच फुटत असेल तर नेमके इथे संकट उभे राहते.

अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये गणित उलटे होते. अन्ननलिका काढल्यावर तिच्या जागी बसवायला बहुधा जठराचीच नळी करतात आणि ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात. त्यासाठी डावी जठरधमनी तोडावीच लागते आणि सारी नळी उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइकच्या भरवशावर जगते. नळीचे वरचे टोक तिच्यापासून सर्वांत दूर, आणि नेमका त्याच टोकाला जोड घालायचा असतो. जोड गळण्याची भीती तिथेच अधिक. तंबाखूमुळे हा कॅन्सर महाराष्ट्राला अनोळखी नाही आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया नित्याची आहे. उजव्या गॅस्ट्रोएपिप्लोइकची ताकद हृदयशल्यविशारदांनीही ओळखली. १९८७ मध्ये कॅनडातून पिम आणि जपानमधून सुमा यांनी ही धमनी हृदयाच्या बायपाससाठी थेट वापरल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले.

पाचवा आणि सर्वांत तरुण संप्रदाय जिवंत देहात पाहणाऱ्यांचा. सेल्डिंगरने १९५३ मध्ये सुई आणि तारेच्या साहाय्याने धमनीत नळी सरकवण्याची सुरक्षित रीत दिली, आणि पाहणे व उपचार करणे यांतले अंतर मिटत गेले. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये रोश आणि डॉटर यांनी १९७२ मध्ये जठराचा रक्तस्राव थांबवण्यासाठी नळीवाटे धमनीत रुग्णाच्याच रक्ताची गुठळी सोडली. आज जठराच्या वरच्या भागातला रक्तस्राव एंडोस्कोपीने थांबत नसेल, तर रेडिओलॉजिस्ट प्रथम डाव्या जठरधमनीचा रस्ता धरतो. या धमनीचा एक विलक्षण आजारही आहे. पॅरिसच्या जॉर्ज द्यलाफ्वा यांनी १८९८ मध्ये त्याचे वर्णन केले. अस्तराखाली पोचेपर्यंत धमनी बारीक व्हायला हवी, पण काहींत ती नेहमीच्या दहापट जाडीची राहते. एखाद्या टाचणीएवढ्या व्रणातून ती फुटते आणि भोवतालचे अस्तर निरोगी दिसत असताना रक्ताच्या उलट्या सुरू होतात. हे बहुधा आखूड कडेवर, अन्ननलिकेच्या सांध्यापासून सहा सेंटिमीटरच्या आत घडते. रक्तस्राव तात्पुरता थांबला की एंडोस्कोपीत ही जागा सहज नजरेतून सुटते. कुठे शोधायचे हे शरीररचनेच्या ज्ञानाने आधीच सांगितलेले असेल, तरच ती सापडते.

या धमनीच्या सोबत चालणाऱ्या शिरेचाही इथे उल्लेख हवा. ती यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेला मिळते. सिऱ्हॉसिसमध्ये तिथला दाब वाढला की रक्त उलटे वर चढते आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटू शकतात. बाहेरून दोन्ही रक्तस्राव सारखेच दिसतात, पण एक धमनीचा आणि दुसरा शिरेचा. दोघांचे उपचार पूर्ण वेगळे.

मग आज हा विषय नव्याने मांडायची गरज काय? पहिले कारण असे की अल्सरचे चित्र पालटले आहे. वॉरन आणि मार्शल यांनी अल्सरला कारण ठरणारा जठरातला जिवाणू दाखवून दिला, त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, आणि अल्सरसाठी जठर कापण्याचे प्रसंग फार कमी झाले. साहजिकच नव्या पिढीच्या हाताखालून उघडे जठर कमी जाते. पण दुर्बिणीतून आणि यंत्रमानवाच्या हातांनी होणाऱ्या कॅन्सर व लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया वाढल्या आहेत. तिथे बोटाने धमनीचा ठोका चाचपता येत नाही. ती कुठून जाते हे आधी माहीत असावे लागते. दुसरे कारण सीटी अँजिओग्राफीचे. प्रत्येक रुग्णाच्या धमन्यांचे त्रिमित चित्र आता शस्त्रक्रियेआधी मिळू शकते. ते वाचता येणे ही आता केवळ तज्ज्ञाची कला राहिलेली नाही. तिसरे कारण नव्या प्रयोगांचे. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये सापडले आणि ते मुख्यतः जठराच्या घुमटात तयार होते. घुमटाकडे जाणाऱ्या डाव्या जठरधमनीच्या फांद्या सूक्ष्म कणांनी अंशतः बंद करून वजन उतरवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हाती आलेली घट मर्यादित आहे आणि काहींना अस्तरावर व्रणही झाले. अशा बातम्या वर्तमानपत्रांतून चमत्काराच्या थाटात येतात, तेव्हा त्या तपासून पाहण्याइतके ज्ञान वाचकापाशी असावे.

या पुस्तकाचा आवाका आता सांगतो. हे शस्त्रक्रियेचे हस्तपुस्तक नाही आणि पाठ्यपुस्तकाचा पर्यायही नाही. एका धमनीच्या निमित्ताने शरीररचनेचा विचार कसा करावा, हे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे. एम.बी.बी.एस. आणि बी.ए.एम.एस.चे विद्यार्थी, परिचारिका, शस्त्रक्रियागृहातले व कॅथलॅबमधले तंत्रज्ञ यांच्यासाठी ते प्रामुख्याने लिहिले आहे. जिज्ञासू सामान्य वाचकालाही ते समजावे म्हणून प्रत्येक भागाची सुरुवात साध्या वर्णनाने केली आहे. तज्ज्ञांसाठीचा तपशील त्यानंतर येतो, आणि तो वगळला तरी धागा तुटत नाही. संज्ञांच्या बाबतीत वॉर्डात आणि वर्गात जे बोलले जाते तेच ठेवले आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले आहे. ही प्रस्तावना सोडली तर टक्केवारी कुठेही नुसती दिलेली नाही. किती देह पाहिले, कोणत्या देशातले, विच्छेदनाने की सीटीने, हे तिच्यासोबत सांगितले आहे. स्प्लीनिकमधून जठराच्या मागच्या अंगाला जाणारी पोस्टीरियर गॅस्ट्रिक धमनी काही अभ्यासकांना विरळा वाटली, तर काहींना जवळजवळ प्रत्येकात सापडली. माणसे बदलली नव्हती, शोधण्याची पद्धत बदलली होती. पद्धत न सांगता दिलेला आकडा वाचकाची दिशाभूल करतो.

ही सारी विद्या कोणाच्या तरी देहावर शिकली गेली आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी मिळण्याची कायदेशीर सोय १९४९ च्या मुंबई ॲनाटॉमी कायद्याने झाली. आज स्वखुशीने देहदान करणारेही आहेत. त्या अनाम माणसांचे ऋण फेडण्याची एकच रीत विद्यार्थ्यापाशी आहे. डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाशी उभे राहाल तेव्हा ह्या पुस्तकातले चित्र आधी मिटून ठेवा, धमनी शोधा, दिसली तशी वहीत काढा आणि मगच ताडून पाहा. दोहोंत फरक पडला तर दुरुस्ती चित्रात करायची, देहात नव्हे.